तेरा वर्षं न वाचलेला कागद

लिहायला परवानगी देताना आपाने मला दोन अटी घातल्या. नाव लिहायचं नाही, आणि काही लपवायचंही नाही. दोन्ही एकदम सांभाळणं सोपं नाही. म्हणून एवढंच सांगते की आपाचं सासर गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीला आहे आणि मी तिची धाकटी बहीण, बल्लारपूरला शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान शिकवते हे मुद्दाम लिहिलं. या गोष्टीत सगळ्यात जास्त चूक माझीच आहे, आणि ती त्याच्याशी जोडलेली आहे.

२०२४ च्या रमजानमध्ये आपाला पहिल्यांदा डाग दिसला. वय तेव्हा चोपन्न. पिशवी २०११ साली काढलेली. दुल्हाभाई २०१३ मध्ये अल्लाहला प्यारे झाले, तेव्हापासून ती मुलगा-सुनेजवळ राहते. डाग मोठा नव्हता. फिकट, पाण्यात मिसळल्यासारखा, तीन-चार दिवसांतून एकदा. दुखणं नाही, ताप नाही. तिला पहिली काळजी पडली ती रोज्याची. पिशवीच नाही तर हैज कुठून येणार, आणि हैज नसेल तर हे काय आहे? रोजा होतो की तुटतो? नमाज पढायची की नाही?

मोहल्ल्यात दर जुमेरातला बायकांना दीन शिकवायला एक आलिमा येतात. आपाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी मसला नीट समजावला की हा इस्तेहाजा आहे, रोजा होतो, नमाजही होते, फक्त प्रत्येक नमाजच्या वेळी नवा वुजू करायचा. आपा निश्चिंत झाली. तिने सगळा रमजान आणि शव्वालचे सहा रोजे तसेच पार पाडले. ईदनंतरही डाग थांबेना, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. त्या वेळी त्याच आलिमा म्हणाल्या, "बाजी, मसला मी सांगितला. खून कुठून येतो ते मात्र डॉक्टरला विचारा." हे दुसरं उत्तर आपाने मला फार उशिरा सांगितलं.

फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी हाच प्रश्न थेट प्रेषितांना (स.) विचारला होता, हे आपल्यापैकी अनेकींना माहीत असेल. त्यांना मिळालेल्या उत्तरात आधी हे आहे की हे रक्त रगेतून येतं, ते हैजचं नाही. नमाजचा हुकूम त्याला लागून येतो. आपण नमाजचा भाग पाठ केला आणि रगेचा भाग सोडून दिला, असं मला आता वाटतं.

बकरी ईदला आपा माझ्याकडे आली. न्हाणीघरात तिने धुऊन आडोशाला वाळत घातलेला कपडा मी पाहिला आणि विचारलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "म्हातारपणात आता काय सांगायचं." मी तिला दुसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे टेबलावर न घेताच निदान झालं. पिशवी काढलेली आहे म्हणजे कॅन्सरची भीती नाही, हा वयाचा कोरडेपणा आहे, ही क्रीम लावा. डॉक्टर वाईट नव्हते. कोरडेपणाने डाग पडतात हेही खरं आहे, आणि बहुतेक वेळा कारण तेच निघतं. पण पाहिल्याशिवाय ते कसं कळणार? मीही विचारलं नाही. पिशवी नाही, मग तपासायचं काय, हे मलाही पटलं होतं. तीन महिने क्रीममध्ये गेले.

सप्टेंबरमध्ये डाग वाढले. मग चंद्रपूरला एका सरकारी दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरकडे गेलो. वयाने लहान, पण घाई नाही. त्यांनी आपाला दोन प्रश्न विचारले. पहिला, "बाळंतपणं सोडून, २०११ च्या आधी तुम्हाला कधी आतून तपासलं होतं?" आपा म्हणाली, कधीच नाही. दुसरा प्रश्न, "पिशवी का काढली होती?"

याचं उत्तर आम्हा दोघींना तोंडपाठ होतं. अंगावर पांढरं जायचं, डॉक्टर म्हणाले तोंडावर जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. आपल्या भागात हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई सापडायची नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काढलेली पिशवी तपासायला पाठवली असेल. तिचा रिपोर्ट कुठे आहे?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं थांबून सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती. राणीताई मूळच्या आमच्या चंद्रपूरच्याच. त्यांचा तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५० बायका-मुली तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के जणींना अंगावरचा किंवा पिशवीचा काही ना काही आजार निघाला, एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर. आणि आयुष्यात त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आपाचा निकाह १९८८ चा. म्हणजे ती नवी नवरी म्हणून आलापल्लीत आली त्याच सुमारास तिच्याच जिल्ह्यातली ही गोष्ट साऱ्या जगाने वाचली, आणि पुढची तेवीस वर्षं तिला कोणी तपासलं नाही. मी तो आकडा बी.एड.ला असताना ऐकला होता. माझ्या आपाशी त्याचा काही संबंध आहे असं मनातही आलं नाही.

त्या दिवशी तपासणीत डॉक्टरांनी योनीमार्गात वर, जिथे पिशवी काढल्यानंतर टाके घालून टोक बंद केलेलं असतं, तिथे व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावलं. एका कोपऱ्यातला भाग पांढरा पडला. नमुना घेतला, नागपूरला जायची चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "जाताना तो जुना कागद शोधून न्या."

कागद शोधायला मीच आलापल्लीला गेले. बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आणि पुढे सुरजागडच्या लोखंडाच्या ट्रकांनी खाऊन टाकलेला रस्ता. दुल्हाभाई तेंदूच्या फळीवर मुन्शी होते. त्यांच्या लोखंडी पेटीत पुड्यांच्या हिशेबाच्या वह्या, निकाहनामा, रेशनकार्डं आणि त्यांच्याखाली दवाखान्याची फाईल. फाईलच्या मागच्या खिशात चार घड्या घातलेला इंग्रजी कागद होता. मी उभ्या-उभ्या वाचला. गर्भाशयमुखात 'सीआयएन ३'. म्हणजे कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या आधीची शेवटची पायरी. खाली एक ओळ होती: नियमित तपासणी ठेवावी.

हा कागद २०११ मध्ये दवाखान्यातून मीच आणला होता. बिल मी भरलं, टाके काढायच्या दिवशी रिपोर्ट मी घेतला, फाईलमध्ये मी ठेवला. डॉक्टर म्हणाले "सगळं निघालं, आता काही नाही," आणि मी घडी उघडून पाहिली नाही. इंग्रजी मला येतं. दहावीच्या मुलांना पेशी मी शिकवते. घरात दुसरं कोणी ते वाचू शकत नव्हतं, म्हणून तर मला पाठवलं होतं.

नागपूरला जे समजलं ते माझ्या भाषेत मांडते. एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. त्याचे शंभरावर प्रकार, त्यांतले काही साध्या चामखिळीचे, काही घातक. त्यांत १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात वाईट. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मूळ हा विषाणू आहे हे जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवलं, आणि त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू अंगात येणं ही काही विशेष गोष्ट नाही. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या अंगात तो कधी ना कधी येतो, आणि बहुतेकांच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. ना ताप, ना खाज. थोड्याच बायकांत तो टिकून राहतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू त्वचेच्या पेशी बिघडवतो. बिघाड वरच्या थरात असतो तोवर त्याला कॅन्सर म्हणत नाहीत. त्याच्या तीन पायऱ्या. पहिली बरेचदा आपोआप मिटते. तिसरी मिटायची वाट पाहायची नसते.

हा बिघाड जास्त करून गर्भाशयमुखावर होतो. पण योनीमार्गाची आणि बाहेरच्या अंगाची त्वचा त्याला लागूनच आहे, आणि विषाणूला हद्द कळत नाही. योनीमार्गातला बिघाड दुर्मीळ. लाखभर बायकांत वर्षाला एखाद-दुसरी, कदाचित त्याहून कमी. तो ज्यांच्यात सापडतो त्यांतल्या पुष्कळ जणींची पिशवी आधी काढलेली असते, आणि काढण्याचं कारण गर्भाशयमुखातला हाच बिघाड असतो. नागपूरचे डॉक्टर ब्रह्मपुरीकडचे होते. ते म्हणाले, "एका बांधीतलं धान कापलं म्हणून शेजारच्या बांधीतलं तण जात नाही." धानाच्या मुलखातल्या बाईला याहून सोपं काय सांगायचं? आपाने लगेच मान हलवली.

एक खुलासा इथेच करते. उगाच कोणी घाबरू नये. गाठींमुळे, जास्त रक्तस्रावामुळे किंवा अंग बाहेर आल्यामुळे पिशवी काढली असेल, गर्भाशयमुखही सोबत निघालं असेल आणि रिपोर्टमध्ये असा बिघाड नसेल, तर अशा बाईला एरवी या तपासण्यांची गरज नसते. डाग पडला तर मात्र दाखवायचंच. ज्यांच्या रिपोर्टमध्ये सीआयएन २ किंवा ३ लिहिलेलं आहे, त्यांनी पुढे निदान पंचवीस वर्षं तपासत राहायचं असतं, पिशवी असो वा नसो. म्हणून सगळं त्या कागदावर येऊन ठेपतं. बायका ऑपरेशनची तारीख सांगतात, खर्च सांगतात, कागद कोणाकडेच नसतो.

नागपूरला दुर्बिणीसारख्या यंत्रातून तपासलं, त्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात. आयोडीन लावलं, निरोगी त्वचा त्याने तपकिरी होते, बिघडलेली पिवळट राहते. टाक्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत पिवळे डाग होते. लहान तुकडे काढून बायोप्सीला पाठवले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. योनीमार्गातला बिघाड, पायरी तिसरी. एचपीव्ही १६. कॅन्सर दिसला नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून अलहम्दुलिल्लाह म्हटलं.

रिपोर्ट मी भाच्याला मोबाईलवर पाठवला. ही माझी दुसरी चूक. त्याने विषाणूचं नाव मोबाईलमध्ये टाकलं, आणि पहिल्याच ओळीत आलं की लैंगिक संबंधातून पसरतो.

त्या दिवसानंतर घर बदललं. कोणी काही बोललं नाही, पण सुनेने आपाचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला. मग ग्लास वेगळा झाला. तिसऱ्या दिवशी आपाचा दीर ओसरीत बसून भाच्याला म्हणाला, आवाज हळू पण आत ऐकू जाईल असा, "भाईला जाऊन अकरा वर्षं झाली. मग हा जंतू आला कुठून?"

आपा रडली नाही. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "ऑपरेशन नको. केलं तर लोक विचारतील कशाचं केलं. आहे ते राहू दे, किती दिवस काढायचे आता." मी कितीही सांगितलं तरी ऐकेना. बेवा बाईने अकरा वर्षं स्वतःला कसं सांभाळलं ते मी पाहिलं आहे. इद्दतनंतरही ती कोणाच्या लग्नात रंगीत ओढणी घालून गेली नाही. तिच्यावर हा आळ.

मी शाळेला सुटी टाकून गेले. दिराला समोर बसवलं. तो माझ्याहून मोठा आहे, मी त्याला आजवर उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "भाईजान, सूरह नूर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पढली असेल. पाकदामन बाईवर आळ घ्यायला चार गवाह लागतात. तुमच्याकडे एक मोबाईल आहे." तो काही बोलला नाही. पण गप्प बसणं आणि समजणं यात फरक असतो, म्हणून पुढच्या खेपेला मी भाचा आणि दीर दोघांनाही नागपूरला नेलं.

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं, दार लावलं आणि रिपोर्ट समोर ठेवून म्हणाले, "यावर विषाणूचं नाव आहे. तारीख आहे का?" नव्हती. ते म्हणाले, तो कधी आला, कोणाकडून आला, हे जगातली कोणतीही लॅब सांगू शकत नाही. तो वीस-तीस वर्षं अंगात गप्प बसू शकतो. मग त्यांनी मी आणलेला २०११ चा कागद त्या रिपोर्टशेजारी ठेवला. "हा बिघाड याच विषाणूचा. तिसऱ्या पायरीला पोचायला त्याला बहुधा कित्येक वर्षं लागतात. हा कागद झाला तेव्हा यांचे मालक हयात होते ना?" दीर खाली बघत होता. जो कागद मी वाचला नाही म्हणून आपावर ही वेळ आली, त्याच कागदाने तिची अब्रू राखली. याचा मी अजून नीट विचार करू शकत नाही.

भाच्याने बाहेर येताना विचारलं, मग अब्बांकडून आला का? डॉक्टर म्हणाले, तेही कोणी सांगू शकत नाही. हा त्वचेच्या स्पर्शाने जातो, पुरुषाला बहुतेकदा काही दिसत नाही, काही त्रास होत नाही, आणि पुरुषांची त्यासाठी नेहमीची अशी तपासणीही नसते. मरहूम माणसाच्या कबरीपाशी जाऊन हिशेब मागायचा नाही, हे मी भाच्याला बसस्टँडवर सांगितलं. ग्लासाचं आणि टॉवेलचंही डॉक्टरांनी सांगितलं होतं: एका ताटात जेवल्याने हा होत नाही.

आपल्या घरांत एक समज आहे, त्याबद्दलही लिहायला हवं. खतनामुळे आपल्या बायकांना हे होत नाही, असं मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. यात अर्धं खरं आहे. मुंबईच्या जुन्या नोंदींमध्ये मुस्लिम स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमी दिसला होता. युगांडात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खतना केलेल्या पुरुषांच्या बायकांमध्ये घातक विषाणूचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी निघालं. पण २८ टक्के कमी म्हणजे नाही असं नव्हे. गणित साधं आहे. उरलेल्या ७२ मध्ये माझी आपा होती.

नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं. उपाय अनेक आहेत: काही जागी मलम चालतं, काही जागी लेझर. पण आपाचे डाग टाक्यांच्या घडीत शिरलेले होते आणि घडीच्या आत काय दडलंय ते वरून दिसत नाही, म्हणून तो वरचा भाग काढून तपासायचं ठरलं. काढलेल्या भागात कॅन्सर निघाला नाही. या वेळी तो कागद मी दवाखान्याच्या दारातच उघडून वाचला, दोनदा. आता दर सहा महिन्यांनी नागपूर. हा बिघाड परत येण्याचं प्रमाण कमी नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पहिल्या दोन तपासण्या ठीक निघाल्या. आपा आता बसमध्ये फाईल पिशवीत ठेवत नाही, मांडीवर ठेवते.

सुनेचं वय तेहतीस. टॉवेल तिने स्वतःच परत जागेवर आणला, माफी वगैरे काही मागितली नाही, पण दुसऱ्या तपासणीला आमच्यासोबत आली आणि स्वतःचा नमुना देऊन आली. वर्षाचा विचार करून मी तिला उस्मानाबादची गोष्ट सांगितली होती. आजचं धाराशिव. तिथे १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांना गटांत विभागून पाहिलं. ज्या गटाची एचपीव्हीची तपासणी आयुष्यात फक्त एकदा झाली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या तपासणीने. तेही आपल्यासारख्याच बायका, डोक्यावर पदर, रोजंदारी बुडवून आलेल्या.

भाच्याची मुलगी अकराची आहे, तिच्या लसीवरून मात्र घरात अजून वाद चालू आहे. सिरोंच्याकडचे नातेवाईक म्हणतात त्या सुईने मुली मेल्या. ही अफवा हवेतून आलेली नाही. गोदावरीच्या खालच्या अंगाला, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला २००९ मध्ये मुलींना ही लस दिली गेली. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये काम थांबवलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही. कोणी बुडालं होतं, कोणाला साप चावला होता. पण कितीतरी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकाने सही केली होती, आणि संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. आदिवासी मुलींच्या आईबापांना विचारायची गरज वाटली नाही, तर लोक घाबरणार नाहीत तर काय करतील? मी स्वतः लसीच्या बाजूची आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, ती १६ आणि १८ नंबरवर चालते, आणि नऊ ते चौदा या वयात दिली तर सगळ्यात जास्त उपयोग. आपाच्या वयात, झालेल्या बिघाडावर तिचा इलाज म्हणून उपयोग नाही. भाचा म्हणतो विचार करतो. करू दे. या वेळी आईबापांना विचारलं जातंय हेच पुष्कळ.

गेल्या खेपेला आलापल्लीत राहिले होते. मगरिबनंतर स्वयंपाकघरात एकटीच होते, तेव्हा दिराची बायको मागच्या दाराने आली. ओढणीखालून तिने एक ट्यूब काढली, पिळून पिळून सपाट झालेली. दुकानातून आणायची, खाजेवर. "किती दिवसांपासून?" मी विचारलं. म्हणाली, "चार वर्षं झाली असतील. कधी गजकर्ण म्हणून, कधी साखर म्हणून. पांढरे चट्टे आलेत बाहेर." मग थोडं थांबून म्हणाली, "यांना सांगू नका."

बाहेरच्या अंगावरचा हा बिघाड दोन तऱ्हेचा असतो, हे मला आता माहीत होतं. एक याच विषाणूचा, तो बरेचदा तरुण वयात दिसतो. दुसऱ्याचा विषाणूशी संबंध नसतो. वय वाढलेल्या बायकांत त्वचेच्या एका जुनाट आजारातून तो येतो, त्यात खाज आणि पांढरे चट्टे असतात आणि कातडी पातळ होत जाते. बहुतेक वेळा यांतलं काहीच नसतं, साधी खाजच असते. पण चार वर्षं न जाणारी खाज ट्यूबने दाबत राहायची नसते, ती कोणीतरी डोळ्यांनी पाहावी लागते, गरज पडली तर तुकडा काढून. एवढंच मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लेडी डॉक्टर असेल तर येईन. मी म्हटलं, आहे.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी चंद्रपूरला गेलो. दिराला सांगितलं की बाजाराला जातोय. बायोप्सी झाली आहे. रिपोर्ट पुढच्या बुधवारी मिळेल, तो आणायला मी जाणार आहे.